जुन्या यंत्रांचे हौशी राखणदार

गेल्या दिवाळीच्या सुटींत माळ्यावरील अडगळ उपसतांना आमच्या हातीं एक पत्र्याचा डबा लागला. एके काळीं तो चकल्यांचा असावा. उघडून पाहतों तों आंत साडेतीन इंची अकरा फ्लॉप्या, रबराच्या वाळलेल्या पट्टीनें बांधलेल्या! त्यांवरील चिठ्ठ्यांचें अक्षर आमचेंच होतें. नऊ फ्लॉप्यांवर जुन्या व्याख्यानांचीं टिपणें होतीं. त्यांवांचून जगाचें तर नाहींच, पण आमचेंही कांहीं अडलें नव्हतें. उरलेल्या दोहोंवर मात्र "तीर्थरूपांच्या आठवणी" असें लिहिलें होतें. १९९७ सालीं आमचे वडील अंथरुणाला खिळले असतां त्यांनीं आपल्या लहानपणच्या व नोकरींतील हकिगती सांगाव्या आणि आम्हीं रात्रीं बसून त्या संगणकावर उतरून घ्याव्या, असा क्रम तीन महिने चालला होता. कागदावर छापून काढलेली एकुलती एक प्रत पुढें घर बदलतांना गहाळ झाली. म्हणजे त्या बोलण्याचा जगांत उरलेला अवशेष काय तो या दोन चकत्या.

घरांतील नव्या संगणकास फ्लॉपी घालावयाची फटच नाहीं. दुकानदारानें डबा हातांत घेतला आणि पुराणवस्तुसंग्रहालयाची वाट दाखवावी तशा मुद्रेनें तो परत केला. शेवटीं आम्हांस एका जुन्या विद्यार्थ्याचें स्मरण झालें. हा गृहस्थ पोटासाठीं एका कारखान्याचे हिशेब ठेवतो आणि हौसेसाठीं लोकांनीं टाकून दिलेले संगणक गोळा करून चालते करतो. त्याच्या या उद्योगाविषयीं त्याच्या पत्नीचें मत काय आहे तें येथें न लिहिणेंच बरें. एका रविवारीं तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वींचा एक पेंटियम संगणक रिक्षांत घालून घेऊन आला. यंत्र जुनें, पण त्यावर बसविलेली लिनक्स नांवाची प्रणाली मात्र अगदीं अलीकडची. त्या फ्लॉप्यांचें काय झालें तें पुढें येईलच. परंतु इतक्या नव्या प्रणालीला इतक्या जुन्या यंत्राची भाषा अजून येते, ती कोणामुळें, हा प्रश्न त्या दिवशीं आमच्या मनांत जो शिरला तो निघेना. इतिहास शिकविणें हाच आमचा व्यवसाय असल्यामुळें उत्तर शोधतांना आम्ही अर्थातच त्याच्या इतिहासाकडे वळलों.

यंत्र जुनें होतें म्हणजे नेमकें काय होतें? जात्याचे दांते बोथट होतात, मग तें टांकवून घ्यावें लागतें. गाडीचा आंस झिजतो. संगणकाचाही एखादा पंखा बंद पडतो, नाहीं असें नाहीं. पण पुष्कळ संगणक हातींपायीं धड असतांनाच म्हातारे ठरतात. याचें कारण असें कीं, संगणकाच्या प्रत्येक भागाशीं बोलण्याची रीत निराळी असते. ती रीत ज्या मजकुरांत लिहून ठेविलेली असते त्यास ड्रायव्हर म्हणतात, आणि असे हजारों मजकूर पोटांत घेऊन बसलेला प्रणालीचा जो गाभा त्यास कर्नल म्हणतात. लष्करांतील कर्नलाशीं याचा संबंध नाहीं. कर्नलच्या नव्या आवृत्तींतून एखाद्या भागाची रीत वगळली गेली, कीं तो भाग जागच्या जागीं मुका होतो. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागद आज शाबूत आहेत, हें त्या कागदाचें व शाईचें पुण्य. परंतु ते आज वाचतां येतात, तें मोडी जाणणारीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या कोठें ना कोठें उरलीं म्हणून. यंत्रांचेंही अगदीं तसेंच आहे.

लिनक्सचा जन्म एका विशिष्ट यंत्रासाठीं झाला, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९९१ च्या जानेवारींत हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टॉरवल्ड्स या फिनिश तरुणानें इंटेल कंपनीच्या ३८६ या प्रोसेसरवर चालणारा एक संगणक घेतला. हा प्रोसेसर १९८५ सालचा. त्याची अंगें नीट समजावीं म्हणून टॉरवल्ड्सनें स्वतःच एक प्रणाली रचावयास घेतली आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजीं ती जगास कळविली. त्या पत्रांत त्यानें मोठ्या विनयानें सांगितलें होतें कीं, हा आपला केवळ छंद आहे, यांतून मोठें असें कांहीं निघणार नाहीं, आणि ही प्रणाली ३८६ शीं इतकी निगडित आहे कीं ती दुसऱ्या यंत्रावर नेतां येणें कठीण. भविष्यवाणी इतकी साफ चुकल्याचें उदाहरण इतिहासांत क्वचितच सांपडेल. १९९२ सालीं त्यानें ही प्रणाली रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीपीएल या परवान्याखालीं आणली. त्यायोगें तिचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, बदलावा आणि बदललेला मजकूर दुसऱ्यास देतांना तोच हक्क त्यासही द्यावा, असा नियम झाला. ती लौकरच अनेक जातींच्या यंत्रांवर गेली आणि आज जगांतील बहुतेक मोठे सर्व्हर व अँड्रॉइडचे सर्व फोन तिच्याच गाभ्यावर चालतात.

आणि मग २०१२ सालच्या डिसेंबरांत लिनक्सनें आपल्या जन्मदात्या यंत्रासच निरोप दिला. इंगो मोल्नार या जाणत्या कार्यकर्त्यानें ३८६ चा आधार काढून टाकणारा बदल सादर केला. १९९१ सालचा तो मूळ ३८६ संगणक यापुढें नवा लिनक्स चालवूं शकणार नाहीं, याची किंचित् हळहळीची नोंद त्यानें सोबत केली होती. टॉरवल्ड्सनें बदल स्वीकारला आणि आपण भावनाविवश होणाऱ्यांपैकीं नाहीं असें रोखठोक सांगून टाकलें. फेब्रुवारी २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ३.८ या आवृत्तीपासून ३८६ गेला.

ही कृतघ्नता झाली असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ३८६ मध्यें एक आज्ञा नव्हती, जी १९८९ सालच्या ४८६ मध्यें प्रथम आली. ती समजण्यास एका वहीवर काम करणारे दोन कारकून डोळ्यांपुढें आणावे. एकानें शिल्लक वाचावी, बेरीज करावी, आणि तो नवा आंकडा लिहितो न लिहितो तोंच दुसऱ्यानें मधल्यामध्यें वेगळाच आंकडा लिहून मोकळें व्हावें, असें झालें कीं हिशेब बुडाला. "शिल्लक पूर्वीं होती तीच असेल तरच नवी लिही" हें तपासणें आणि लिहिणें एका झटक्यांत, मध्यें कोणास शिरकाव न देतां, करविणारी ती आज्ञा. आजच्या संगणकांत असे कारकून डझनांनीं असतात. म्हणून कर्नलचा सारा कारभार त्या आज्ञेवर उभा आहे. ज्या एका यंत्रास ती येत नाहीं त्याच्यासाठीं जागोजागीं आडवाट ठेवावी लागे, आणि प्रत्येक नवा बदल करणाऱ्यास त्या आडवाटेची आठवण ठेवावी लागे. आतां तें यंत्र वापरणारा कोणी पुढें आला असता तर गोष्ट वेगळी. इंटेलनें २००७ सालींच त्याचें उत्पादन थांबविलें होतें, आणि ज्यानें नवा कर्नल रोज त्यावर चालवून पाहावा असा माणूस उरला नव्हता.

हें शेवटचें वाक्य या सर्व इतिहासाची किल्ली आहे असें आमचें मत होत चाललें आहे. यंत्र किती जुनें, तें बनविणारी कंपनी किती मोठी, यांवर त्याचें आयुष्य अवलंबून असेल असें कोणासही वाटावें. पण पुरावा उलट आहे. २०१८ सालीं लिनक्सच्या ४.१७ या आवृत्तींतून प्रोसेसरांचीं आठ घराणीं एकदम वगळण्यांत आलीं. ब्लॅकफिन, टाइल, मेटॅग अशीं त्यांचीं नांवें. कंपन्यांनीं पगारी माणसें लावून तीं लिनक्समध्यें आणलीं होतीं. धंदा फिरला, माणसें दुसऱ्या कामास लागलीं, आणि मागें राहिलेला मजकूर कोणाचाच नाहीं असा झाला. इटेनियमची कथा तर याहून बोलकी. इंटेल व एचपी या दोन बलाढ्य कंपन्यांनीं मोठा गाजावाजा करून २००१ सालीं बाजारांत आणलेला हा प्रोसेसर. शेवटचा माल २०२१ सालीं रवाना झाला आणि २०२३ सरतां सरतां कर्नलमधून त्याचें नांव पुसलें गेलें. तेव्हां कोठें कांहीं हौशी लोक जागे झाले व त्यांनीं मुख्य प्रवाहाबाहेर त्याचा सांभाळ आरंभिला.

याच्या शेजारीं मोटोरोलाच्या ६८००० या घराण्याची हकिगत ठेवून पाहावी. याचा मूळ पुरुष १९७९ सालचा, म्हणजे इटेनियमहून बावीस वर्षांनीं वडील. ॲपलचा मॅकिंटॉश, कॉमोडोरचा अमीगा आणि अटारीचा एसटी हे ऐंशींच्या दशकांतील तीन प्रसिद्ध संगणक याच घराण्याच्या जिवावर उभे होते. पुढें कॉमोडोर कंपनीचें १९९४ सालीं दिवाळें वाजलें, अटारीनें संगणकाचा धंदा सोडला, ॲपल दुसऱ्या प्रोसेसरकडे वळली. तीनही छत्रें गेलीं. परंतु अमीगावाल्यांनीं नव्वदींच्या आरंभींच लिनक्स आपल्या यंत्रावर नेण्याचा खटाटोप चालविला होता, आणि ६८००० घराण्यांतील नंतरच्या प्रोसेसरांवर तो सफल झाला. कोणाच्या पगारावर नव्हे, रात्रीं जेवणें उरकल्यावर बसून केलेलें हें काम. आठ तरुण घराणीं वगळलीं गेलीं त्या २०१८ सालीं या म्हाताऱ्यास कोणीं हात लावला नाहीं; कारण प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर "आमच्याकडे चालतें" किंवा "आमच्याकडे अमुक मोडलें, ही घ्या दुरुस्ती" असें लिहून धाडणारीं माणसें त्याला होतीं.

त्यांची वाट सुखाची होती असें मात्र नाहीं. डेबियन ही लिनक्सची एक मोठी, सर्वस्वीं स्वयंसेवकांनीं चालविलेली मांडणी आहे. १९९८ पासून २००५ पावेतों तिच्या अधिकृत यंत्रांच्या यादींत हें घराणें होतें. पण हजारों कार्यक्रम पुन्हःपुन्हां नव्यानें रचून घेण्यास या मंद यंत्रांस इतका वेळ लागूं लागला कीं, २००७ च्या आवृत्तींत त्यांचें पान उठलें. हौशी मंडळी पंगतीबाहेर बसून जेवूं लागली. नव्या वेगवान संगणकाच्या पोटांत जुन्या अटारीचें सोंग उभें करणारा आरानिम हा कार्यक्रम त्यांनीं कामास लाविला आणि त्यावर डेबियनचे कार्यक्रम रचावयास आरंभ केला. जुन्या यंत्राचें काम नव्या यंत्रानें जुन्याच्या वेषांत करावें, हा प्रकार आम्हांस मोठा गमतीचा वाटला.

याहून कठीण प्रसंग २०१९ सालीं आला, आणि तोही कर्नलकडून नव्हे. माणसानें लिहिलेला मजकूर प्रोसेसरच्या भाषेंत उतरविणाऱ्या दुभाष्यास कंपायलर म्हणतात. जीसीसी हा असा एक दुभाष्या १९८७ पासून चालत आलेला आहे. दोन संख्यांची तुलना केल्यावर तिचा निकाल लक्षांत ठेवण्याची एक फार जुनी रीत त्याच्या अंतरंगांत होती. ती आतां अडचणीची झाली आहे; ज्या घराण्यांचे विभाग नव्या रीतीनें लिहिले जाणार नाहींत ते गळतील, असें त्याच्या चालकांनीं जाहीर केलें. दुभाष्याच गेला तर कर्नलमध्यें जागा असून उपयोग काय? यादींत ६८००० होता. काम नाजूक, जाणते थोडे. तेव्हां या मंडळींनीं गणपतीची जमवावी तशी देशोदेशींच्या हौशी लोकांकडून वर्गणी जमविली आणि एका अनुभवी इंजिनियरानें त्या वर्ष अखेरीस तो विभाग नव्यानें लिहून दिला. २०२१ च्या एप्रिलांत जीसीसीची ११ वी आवृत्ति निघाली तेव्हां ६८००० जागेवर होता. त्याच्या जोडीला व्हॅक्स हें १९७७ सालचें घराणेंही दुसऱ्या एका कार्यकर्त्याच्या श्रमांनीं तरलें.

व्हॅक्सचें नांव निघालें म्हणून आणखी एक नवल सांगितल्यावांचून राहवत नाहीं. युनिक्स वंशांतील प्रणाली काळ मोजतात तो १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद लोटले या हिशेबानें. हा आंकडा जेथें ३२ बिटांत ठेविला आहे तेथें त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ ही होय. आणि ती १९ जानेवारी २०३८ रोजीं आपल्याकडील घड्याळानें सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंदांनीं भरते. पुढच्या सेकंदास अशा यंत्रास १९०१ साल लागेल! १९९३ पासून चालत आलेल्या नेटबीएसडी या प्रणालीनें २०१२ सालच्या आपल्या ६ व्या आवृत्तींत सर्वच यंत्रांसाठीं या आंकड्याची जागा दुप्पट केली. तिच्या सर्व यंत्रांत व्हॅक्सही आला. उलट, आमच्या विद्यार्थ्यानें रिक्षांतून आणलेल्या पेंटियमच्या जातीसाठीं डेबियननें २०२४ सालीं ही दुरुस्ती मुद्दाम केली नाहीं, कारण जुने तयार कार्यक्रम जसेच्या तसे चालणें हाच त्या जातीचा आतां मुख्य उपयोग उरला आहे असें तिच्या चालकांनीं ठरविलें. ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या १३ व्या आवृत्तींत तर त्या जातीसाठीं कर्नलही नाहीं. एवंच, १९७७ च्या आराखड्याचें यंत्र २०३८ ओलांडणार आणि त्याहून वीस वर्षांनीं लहान असलेलें उंबऱ्यावर अडखळणार.

दुसरी बाजू न मांडतां पुढें जाणें योग्य होणार नाहीं. जुना मजकूर फुकट राहत नाहीं. ज्या खोलींत कोणी जात नाहीं तेथेंच विंचू निघतो. २०१५ सालीं क्यूएमू या कार्यक्रमांत एक मोठें छिद्र उघडकीस आलें. त्यांतून शिरून एका भाडेकरूस सबंध वाड्याचा ताबा घेतां येण्याचा संभव होता. तें छिद्र निघालें कोठें, तर क्यूएमूमधील नकली फ्लॉपीच्या मजकुरांत. तें २००४ पासून तेथें होतें, आणि अकरा वर्षें कोणाचें लक्ष गेलें नव्हतें. तेव्हां एप्रिल २०२५ मध्यें इंगो मोल्नार यांनीं ४८६ वरही ३८६ चाच प्रयोग करण्याची सूचना मांडली आणि तिच्या पोटीं चौदा हजारांवर ओळी गळतील असें दाखविलें, तेव्हां त्यांस निर्दय म्हणण्याचें कारण आम्हांस दिसलें नाहीं.

मात्र असें वगळणें आणि एखाद्या कंपनीनें आपल्या मर्जीनें यंत्र बाद ठरविणें, यांत आम्ही भेद करतों. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. मर्यादित मुदतवाढीची सोय ठेविली होती खरी. पण विंडोज ११ ला सुरक्षेची एक विशिष्ट चीप व ठराविक यादींतील प्रोसेसर लागतात, त्यामुळें असंख्य धडधाकट संगणकांपुढें वाटच उरली नाहीं. तेथें मूळ मजकूर बंद पेटींत आहे. वर्गणी जमवूं म्हटलें तरी ती कोणाच्या हातीं द्यावी? ३८६ साठीं लिनक्सची ३.७ ही आवृत्ति आजही कोणासही घेतां येते, दुरुस्त करतां येते, वाटतां येते. कोणी करीत नाहीं ही गोष्ट निराळी. दार उघडें असून कोणी आंत न जाणें आणि दारास कुलूप असणें, या एकच गोष्टी नव्हेत.

आतां फ्लॉपीकडे येऊं. लिनक्समधील फ्लॉपीचा ड्रायव्हर १९९१ सालीं खुद्द टॉरवल्ड्सनें प्रथम लिहिला. २०१० सालीं सोनीनें जपानांतील फ्लॉपीची विक्री पुढील वर्षीं थांबविण्याचें जाहीर केलें. २०१९ सालीं असें झालें कीं, या ड्रायव्हरची देखरेख करणाऱ्या गृहस्थापाशीं चालतें फ्लॉपीयंत्रच उरलें नाहीं. तपासावयाचें कशावर? टॉरवल्ड्सनें त्या मजकुरासमोर "अनाथ" असा शेरा मारला. खरीं यंत्रें आतां मिळत नाहींत, नकली संगणकांत तेवढा याचा उपयोग होतो, असें त्याचें निरीक्षण होतें. एरवीं येथें मागील आठ घराण्यांची वाट ठरलेली. पण लौकरच दुसऱ्या एका कार्यकर्त्यानें होऊन त्या अनाथाचें पालकत्व घेतलें, आणि ड्रायव्हर टिकला.

त्या रविवारीं आमच्या दिवाणखान्यांत तो खरखर आवाज पुन्हां ऐकूं आला तेव्हां सौभाग्यवतीही स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या. पहिली फ्लॉपी तिसऱ्या प्रयत्नांत पुरी वाचली गेली. पडद्यावर जें उमटलें तें मात्र चिनी कीं फारशी कळेना. कारण त्या काळचे मराठी फाँट आपापल्या मनाच्या सांकेतिक लिपींत अक्षरें ठेवीत असत, आणि आमचा फाँट केव्हांच बाजारांतून नाहींसा झालेला. विद्यार्थी शांत होता. कोणा हौशी माणसानें तीं अक्षरें युनिकोडमध्यें उतरविण्याचें कोष्टक करून ठेविलें होतें, तें त्यानें लाविलें. दहा मिनिटांनीं वडील बोलूं लागले.

दुसरी फ्लॉपी अर्ध्यावर अडली. तेथें वडील सोळा वर्षांचे आहेत, घर सोडून पहिल्यांदाच निघाले आहेत, ट्रंक डोक्यावर घेऊन मिरजेच्या फलाटावर उतरले आहेत आणि कोणीतरी त्यांस हांक मारली आहे. पुढचा भाग वाचला जात नाहीं. कोणीं हांक मारली तें आम्हांस आठवत नाहीं. टंकतांना ऐकलें असलेंच पाहिजे. खराब भागांवर पुन्हःपुन्हां निराळ्या बाजूंनीं येऊन थोडें थोडें खरडून काढणारा डीडीरेस्क्यू नांवाचा कार्यक्रम विद्यार्थ्यानें लावून दिला आहे. तो म्हणतो, घाई करूं नये, यंत्रास मधून मधून विसांवा द्यावा. त्यानें तो संगणक आमच्याकडेच ठेविला आहे, आणि रोज संध्याकाळीं दिवेलागणीच्या सुमारास आम्ही तो तासभर चालू करतों.